चिंध्या आणि दोर

शास्त्रपाठ : यिर्मया ३८:१-१३, ३९:१५-१८. सोबत वाचावे : रूथ २, मत्तय ६:१-४.



परोपकार हा शब्द आपल्या कानांना इतका परिचयाचा झाला आहे की, तो ऐकताच आपण मान डोलावतो व पुढे काय येणार हे ठाऊक असल्यासारखे स्वस्थ बसतो. यास्तव आज त्या शब्दापासून आरंभ न करता जुन्या फाटक्या कपड्यांच्या एका गाठोड्यापासून आरंभ करू. पवित्र शास्त्रात दयेची मोठमोठी कृत्ये पुष्कळ सांगितली आहेत. परंतु यिर्मयाच्या अडतिसाव्या अध्यायात जी एक लहानशी गोष्ट आहे तिजकडे आपले लक्ष क्वचितच जाते. उपदेशकही बहुधा हौदापर्यंत येतात आणि संदेष्टा वर निघाला एवढे सांगून पुढे जातात.

प्रसंग यरुशलेमेच्या शेवटल्या वेढ्याचा आहे. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास हे नगर खास्द्यांच्या हाती पडले. त्याच्या थोडे आधीची ही हकीकत. नगरात धान्य संपत आले होते. यिर्मया लोकांस उघडपणे सांगत होता की, नगर वाचणार नाही. जो बाहेर निघून खास्द्यांच्या स्वाधीन होईल त्याचा जीव मात्र वाचेल. असे बोलणे सरदारांस कसे रुचावे? शिपायांचे हात गळून जातात अशी तक्रार करून त्यांनी राजाकडे त्याच्या जिवाची मागणी केली. सिद्कीया राजा मनाने दुबळा. तुमच्यापुढे माझे काही चालत नाही असे म्हणून त्याने हात झटकले. मग सरदारांनी संदेष्ट्यास मल्कीयाच्या हौदात दोरांनी खाली सोडले. त्या देशात पावसाचे पाणी साठविण्याकरिता खडकात असे हौद खोदीत. तोंड अरुंद व पोट रुंद, म्हणजे आत पडलेल्या मनुष्यास भिंतीला धरून वर येण्याची सोयच नसे. त्या हौदात पाणी नव्हते, चिखल होता, आणि यिर्मया चिखलात रुतला.

योशीया राजाच्या तेराव्या वर्षी त्याला पाचारण झाले होते. म्हणजे ह्या वेळी त्याच्या सेवेला चाळीस वर्षे होत आली होती, आणि तो तरुण राहिला नव्हता हे उघड आहे. तशात उपासमार. अशा मनुष्याचे चिखलात किती दिवस निभावणार?

राजवाड्यात एक कूशी मनुष्य चाकरीस होता. कूश म्हणजे मिसर देशाच्या दक्षिणेकडील नील नदीकाठचा मुलूख. तो आज बहुतांशी सुदान देशात मोडतो. म्हणजे हा मनुष्य परदेशी, परक्या रंगाचा आणि पराधीन. त्याला एबद-मलेख म्हणत. ह्या शब्दांचा अर्थ 'राजाचा सेवक' एवढाच आहे. हे नाव आईबापांनी ठेवलेले, की वाड्यातील चाकरीवरून पडलेले, हे शास्त्र सांगत नाही. आपल्याकडेही कित्येक माणसे जन्मभर शिपाई, पाणक्या, आया अशा कामाच्या नावानेच ओळखली जातात आणि त्यांचे खरे नाव कबरेवरच्या दगडावर प्रथम वाचावयास मिळते.

राजा बन्यामिनी वेशीत बसला होता. वेस म्हणजे न्यायनिवाड्याची जागा. तेथे माणसांचा राबता. एबद-मलेख तेथे गेला आणि सर्वांदेखत राजास म्हणाला की, ह्या मनुष्यांनी संदेष्ट्याशी जे केले ते दुष्टपणाचे आहे. तो तेथल्या तेथे भुकेने मरेल. ज्या सरदारांस राजाही भीत होता, त्यांच्या कृत्यास ह्या चाकराने भर वेशीत दुष्टपण म्हटले! ह्याकडे आपण पुन्हा वळू. राजाने त्याला तीस माणसे बरोबर घेऊन यिर्मयास वर काढण्याची आज्ञा दिली. एका म्हाताऱ्या मनुष्याला ओढावयास तीस माणसे कशाला, असा प्रश्न पंडितांनी विचारला आहे. मूळ आकडा तीन असावा असेही कोणी म्हणतात. सरदारांनी आडवे येऊ नये म्हणून तीस दिली असतील, असे मला वाटते.

आता पुढचे सावकाश वाचा. आज्ञा मिळाली, माणसे मिळाली, दोर मिळाले. तरी एबद-मलेख थेट हौदाकडे गेला नाही. तो प्रथम राजवाड्यात गेला, भांडाराच्या खालच्या खोलीत उतरला, आणि तेथून त्याने जुनेरी व चिंध्या गोळा केल्या. मनुष्य मरणाच्या दारी असता हा चिंध्या कशाला शोधीत बसला, असे त्या तीसांपैकी एखाद्याच्या मनात आले असेल. पण ज्याने विहिरीत पडलेले जनावर वर काढले आहे त्याला ह्याचे उत्तर विचारावे. आपण दोराखाली पोते घालतो. नाही तर दोर कातड्यात रुततो. चिखलात रुतलेले शरीर ओढताना चिखल त्याला खाली धरून ठेवतो आणि सगळा ताण काखेत येतो. उपाशी म्हाताऱ्याच्या हाडांवर मांस ते किती राहिले असणार! एबद-मलेखाने हे सर्व आधी मनात पाहिले. स्वतःच्या काखेत तो दोर काचतो आहे असे त्याला वाटले असले पाहिजे, त्यावाचून कोणाला चिंध्या सुचत नाहीत.

बरे, त्या चिंध्या त्याने वरून टाकून दिल्या नाहीत. शास्त्र म्हणते की, त्याने त्या दोरांनी खाली सोडल्या. टाकल्या असत्या तर चिखलात पडल्या असत्या, आणि वेचावयास यिर्मयाला वाकता आले नसते. मग त्याने वरून सांगितले की, ह्या काखेत दोरांच्या खाली घाल. यिर्मयाने तसे केले आणि माणसांनी त्याला वर ओढले.

सरदारांनीही दोरच वापरले होते, हे ध्यानात घ्यावे. त्यांनीही संदेष्ट्याला फेकले नाही. रीतसर खाली सोडले. दोर तेच. फरक चिंध्यांचा. आपण करतो त्या पुष्कळशा मदतीत दोर असतो आणि चिंध्या नसतात. आपण मनुष्याला खड्ड्यातून वर काढतो खरे, पण असे काढतो की त्याच्या काखेतला व्रण पुढे वर्षानुवर्षे दुखत राहतो. मराठीत ह्या व्रणाला नेमका शब्द आहे : मिंधेपण. ज्याने कधी कोणापुढे हात पसरला आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

काही वर्षांपूर्वी दुष्काळी भागातील एका मंडळीत मी पाहुणा म्हणून उपदेशास गेलो होतो. उपासनेनंतर गरीब कुटुंबांस धान्य वाटावयाचे होते. धान्य चांगले होते, देणाऱ्यांची मनेही चांगली होती. परंतु वेदीजवळ पोती मांडून एकेकाचे नाव मोठ्याने पुकारण्यात आले, आणि प्रत्येक जण पोत्याला हात लावून उभा राहिला म्हणजे छायाचित्र काढण्यात येई. एक तरुण विधवा शेवटी आली. तिने पदर इतका पुढे ओढला होता की तोंड दिसत नव्हते. छायाचित्र घेणाऱ्याने तिला पदर थोडा मागे घ्यावयास सांगितले. तिने घेतला. त्यानंतर तिने उपासनेस येणे सोडले. धान्य संपावयास महिना लागला असेल; ते छायाचित्र अजून कोठेतरी असेल.

तिच्या शेजारी एक म्हातारी ख्रिस्ती बाई राहत असे. तिची दृष्टी पुष्कळ मंद झाली होती, तरी ती काठी टेकीत एकटीच मंदिरात जात असे. एका रविवारी सकाळी ती त्या विधवेच्या दारात जाऊन म्हणाली, "पोरी, ओढ्याजवळची वाट आता मला दिसत नाही गं. हात धरून नेशील का मला?" विधवा म्हणाली, "मावशी, देवळापर्यंत आणून सोडते, पण आत नाही यायची मी." म्हातारी म्हणाली, "बरं, दारापर्यंत तर चल." असे तीन-चार रविवार झाले. दारापर्यंत हात धरून आणलेल्या म्हातारीला कोणत्या बाकावर बसवावयाचे म्हणून एके दिवशी तिला आत यावेच लागले, आणि मग ती तेथेच बसली. धान्याचा विषय म्हातारीने एकदाही काढला नाही. मला ही हकीकत त्या विधवेनेच पुढे सांगितली; म्हातारीने कधीच नाही. ती म्हातारी लिहिणे-वाचणे शिकली नव्हती, पण एबद-मलेखाच्या चिंध्या तिला पुरत्या समजल्या होत्या. ज्याला नेहमी घ्यावे लागते त्याला देण्याची संधी द्यावी, हे शहाणपण आमच्या पुष्कळ समित्यांस सुचत नाही.

आता मत्तयाच्या सहाव्या अध्यायाकडे येऊ. प्रभू येथे दानधर्म करा असे सांगत नाही. तुम्ही तो करताच असे धरून चालतो, आणि कसा करावा एवढेच सांगतो. ढोंग्यांप्रमाणे आपल्यापुढे कर्णा वाजवू नका. आपल्या भाषेत ह्याला दवंडी पिटणे म्हणतात. येथे 'ढोंगी' ह्या अर्थी जो ग्रीक शब्द आहे तो मुळात नाटकातल्या नटाचा आहे. नट राजाचे सोंग घेतो. ते पाहणारे आहेत तोवर. प्रेक्षक उठून गेले की राजाही नाही आणि राज्यही नाही. लोकांदेखत दान करणाऱ्याचे दान खोटे असते असे नव्हे. पैसा खराच असतो आणि भुकेल्याचे पोटही त्याने भरते. परंतु ज्याच्यासाठी तो पैसा दिला तो भुकेला नव्हे, प्रेक्षक होय.

त्याच वचनात प्रभू म्हणतो की, अशांस त्यांचे वेतन मिळून चुकले आहे. येथला ग्रीक शब्द हिशेबाच्या व्यवहारातला आहे. मिसर देशात जुने कागदपत्र व मडक्यांच्या खापऱ्यांवर लिहिलेल्या पावत्या पुष्कळ सापडल्या आहेत. त्यांत रक्कम पुरी पोहोचली असे लिहिण्यास हाच शब्द वापरलेला आढळतो. अडोल्फ डाईसमान ह्या जर्मन पंडिताने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्याकडे लक्ष वेधले. म्हणजे प्रभूच्या वाक्यात रागापेक्षा कोरडा हिशेब आहे. तू लोकांची वाहवा मागितलीस, ती मिळाली, पावतीवर सही झाली, खाते बंद. पित्याकडे आता काही येणे राहिले नाही.

मंदिरांच्या बाकांवर, घड्याळांवर, पंख्यांवर देणगीदारांची नावे रंगविण्याची चाल आपल्यांतही पडली आहे. पंख्याच्या पात्यावर नाव लिहिलेले मी पाहिले आहे. पंखा सुरू असला म्हणजे ते वाचता येत नाही, हीच काय ती त्यातली कृपा. मृतांच्या स्मरणार्थ नाव लिहिणे निराळे. त्यात शोक असतो, आणि शोकाची मी थट्टा करणार नाही.

प्रभूच्या काळी यहुदी लोकांस ही गोष्ट ठाऊक नव्हती असे समजू नये. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना नावाच्या त्यांच्या ग्रंथात यरुशलेमेच्या मंदिरातील एका खोलीची माहिती आहे. तिला गुप्त खोली म्हणत. देवभीरू लोक आत जाऊन गुपचूप दान ठेवून येत, आणि चांगल्या घराण्यातील जे लोक विपन्न झाले होते त्यांस तेथून गुपचूप मदत मिळे. कोणी ठेवले, कोणी नेले, ह्याचा कोणास पत्ता नसे. बाराव्या शतकातील यहुदी पंडित मैमोनिदेस ह्याने दानाच्या आठ पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. देणाऱ्यास घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्यास देणारा ठाऊक नाही, अशा दानाला त्याने फार वरची पायरी दिली, पण सर्वांत वरची दिली नाही. सर्वांत वरची पायरी त्याने अशा मनुष्याला दिली की, जो दरिद्री बंधूला कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम मिळवून देऊन त्याच्या पायांवर उभा करतो, म्हणजे त्याला पुन्हा कोणाकडे मागावे लागू नये. ह्या बाबतीत तो आपल्या पुष्कळ ख्रिस्ती संस्थांच्या पुढे होता असे म्हणणे भाग आहे.

ही वरची पायरी रूथच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आपणा शेतकऱ्यांस तो अध्याय शहरातल्या लोकांपेक्षा अधिक चांगला कळतो. सरवा वेचणे म्हणजे काय हे येथे कोणाला समजावून सांगावयास नको. मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा होती की, शेताच्या कडा अगदी लागून कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये, आणि शेतात पेंढी विसरली तर परत फिरून आणू नये, ते गरिबाचे व परक्याचे (लेवीय १९:९-१०, अनुवाद २४:१९). ह्या आज्ञेची खुबी पाहा. येथे गरिबाने मागावयाचे नाही. श्रीमंताने द्यावयाचे नाही. श्रीमंताने थोडे कमी उचलावयाचे एवढेच. गरिबाने कष्ट करून वेचावयाचे आणि आपल्या पदरात आपल्या हाताने भरून न्यावयाचे. त्यामुळे कोणी कोणाचा मिंधा होत नसे.

बवाज ह्याच्या पुढे गेला. रूथ ही मवाबी, परदेशी, विधवा, आणि सासूला पोसणारी. बवाजाला ती आवडली होती की नुसती दया आली होती ह्याचा खल येथे करावयास नको. जेवणाच्या वेळी त्याने तिला बोलावून हुरडा दिला. मग ती वेचावयास उठली तेव्हा, म्हणजे ती दूर गेल्यावर, त्याने गड्यांस सांगितले की, तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, तिला लाजवू नका. इतकेच नव्हे, तर पेंढ्यांतून मुद्दाम थोडे उपसून टाकीत जा आणि तिला वेचू द्या, दटावू नका. त्याच्या हुकमात तिच्या अब्रूचा विचार दोनदा येतो. आणि रूथला ह्यातले काही ठाऊक नाही! तिला वाटले असेल, आज शेत चांगले लागले. संध्याकाळी तिने झोडपले तेव्हा सुमारे एफाभर सातू निघाले. हे माप अंदाजे वीस-बावीस लिटरचे धरतात. एका बाईच्या दिवसभराच्या सरव्याला हे फार झाले. नामी जाणती होती. तिने माप पाहिले आणि लगेच विचारले की, आज वेचलेस तरी कोठे? कोणीतरी नजर ठेवली आहे हे तिने ओळखले. पण रूथ घरी आली ती दान घेऊन नव्हे, कमाई घेऊन.

बवाजाने तिथल्या तिथे एफाभर सातू मोजून दिले असते तरी तिची भूक भागली असती. त्याला खर्च तोच आला असता; उलट गड्यांचा वेळ वाचला असता. शांतपणे केलेल्या भल्याला नेहमी जरा अधिक वेळ लागतो, अधिक डोके चालवावे लागते. चिंध्या शोधाव्या लागतात, गड्यांस बाजूला घेऊन सांगावे लागते. पुष्कळ वेळा आपण दवंडी पिटतो ती गर्वाने नव्हे, आळसाने. नाव पुकारून पोते देणे सोपे असते.

आपल्या गावांतून ह्याची उदाहरणे शोधावयास दूर जावे लागणार नाही. पेरणीच्या तोंडावर ज्याचा बैल गेला त्याच्या शेतात आपली बैलजोडी एक दिवस लावणे. पावसाआधी विधवेच्या घरावरचे पत्रे ठोकून देणे. इस्पितळात ज्याचे माणूस आहे त्याच्याजवळ रात्रभर बसणे, म्हणजे त्याला घरी जाऊन झोपता येईल. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची म्हातारी घरी एकटी राहिली असेल, तर दोन वेळा तिच्या चुलीतून धूर निघतो की नाही एवढे पाहणे. अर्ज लिहून देणे हेही मोठे काम आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहिताना त्याच्या घरची सगळी गुपिते आपल्यापुढे उघडी होतात. ती दुसऱ्या दिवशी पारावर गेली नाहीत, तर तीच त्याला केलेली मोठी मदत. पैसे उसने दिले असतील तर देवळाच्या दारात परत मागू नयेत. मिझोरामातील ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून प्रत्येक वेळी भात शिजवण्यापूर्वी मूठभर तांदूळ देवाच्या कामाकरिता काढून ठेवीत आल्या आहेत. ती मूठ स्वयंपाकघरात भरली जाते. ती मोठी की लहान, हे दुसरा कोणी मोजीत नाही.

आपल्याच मराठी बायबलाचे घ्या. पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्या ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला. तो केडगावच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यात छापला, आणि खिळे जुळविण्यापासूनची कामे तेथल्या स्त्रियांनी व मुलींनी केली. त्यांपैकी कित्येक दुष्काळात सर्वस्व गमावलेल्या होत्या. रमाबाईंचे नाव आपणांस ठाऊक आहे, ते असावेच. त्या खिळे जुळविणाऱ्या हातांची नावे आपल्यांपैकी किती जणांस सांगता येतील?

येथे दोन शंका हटकून निघतात. पहिली अशी की, प्रभूने डोंगरावरील प्रवचनातच तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या असे सांगितले आहे (मत्तय ५:१६), मग लपवावे कसे? मला ह्यात फारशी अडचण दिसत नाही. त्या वचनाचा शेवट वाचला म्हणजे कळते की, तेथे लोकांनी गौरव करावयाचे ते पित्याचे. दिवा दिसावा; दिवा लावणारा दिव्यापुढे येऊन उभा राहिला तर त्याची सावलीच पडते.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची, आणि तिच्यामुळे मंडळ्यांचे नुकसान झालेले आहे. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये असे प्रभूने सांगितले म्हणून मंडळीच्या पैशाचा हिशेब विचारू नये, असे म्हणणारे लोक भेटतात. हे वचनाचे सरळ सरळ विपरीत आहे. प्रभू बोलतो ते माझ्या खिशातल्या पैशाविषयी. मंडळीच्या पेटीतला पैसा माझा नव्हे. यहूदीयातील गरीब बंधूंकरिता पौलाने वर्गणी जमविली तेव्हा ती नेण्यास मंडळ्यांनी निवडलेला मनुष्य त्याने बरोबर घेतला आणि कारण स्पष्ट लिहिले : कोणास दोष ठेवण्यास जागा राहू नये, देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही सर्व चोख असावे (२ करिंथ ८:१८-२१). देणाऱ्याचे नाव झाका, घेणाऱ्याचे नाव त्याहून अधिक झाका. परंतु किती आले व किती गेले हे वर्षातून एकदा नव्हे, दर महिन्यास भिंतीवर लावा. वडीलमंडळापैकी दोघातिघांस घेणाऱ्यांची नावे ठाऊक असणे पुरेसे आहे, आणि ते दोघेतिघे तोंडाचे घट्ट असावेत. असे दोघेतिघे मंडळीत नसतील, तर त्यांच्याकरिता आधी प्रार्थना करावी आणि धान्य नंतर मागवावे.

आता वेशीतल्या त्या भाषणाकडे वळतो. शांतपणे भले करणे म्हणजे अन्यायापुढे गप्प राहणे असा अर्थ कोणी काढू नये. एबद-मलेखाला चिंध्या गुपचूप नेता आल्या, पण त्याआधी त्याला वेशीत उभे राहून सरदारांचे दुष्टपण दुष्टपण म्हणावे लागले. नुसत्या चिंध्या घेऊन तो हौदाच्या काठी गेला असता, तर पहारेकऱ्यांनी त्याला हाकलून दिले असते. एखाद्या विधवेची जमीन दीर बळकावीत असेल, तर तिला रात्री गुपचूप शेरभर पीठ नेऊन देणे ही दया खरी, परंतु अपुरी. तिच्याबरोबर तलाठ्याकडे दिवसाढवळ्या गेले पाहिजे. आपल्या चांगुलपणाविषयी मौन धरावे. दुसऱ्याच्या हक्काविषयी धरू नये. पुष्कळांचे ह्याच्या उलट चालते.

दुर्कसविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तो पाठ आपल्या स्त्रीमंडळांत नेहमी होतो. एकच गोष्ट पाहा. ती मेली तेव्हा तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे पेत्राला कोणी दाखविली? विधवांनी. ती जिवंत असताना तिने ती कोणास दाखविल्याचा उल्लेख नाही (प्रेषित ९:३९).

शेवटी एबद-मलेखाचे पुढे काय झाले? यिर्मया वर निघाला खरा, पण सुटला नाही; पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेतच राहिला. तो तेथे असतानाच परमेश्वराचे वचन त्याला आले, आणि ते राजाकरिता किंवा राष्ट्राकरिता नव्हते, ह्या एका चाकराकरिता होते. नगर पडेल तेव्हा ज्या माणसांची तुला भीती वाटते त्यांच्या हाती तुला देणार नाही. तुझा जीव तुला लुटीसारखा लाभेल. कारण तू माझ्यावर भरवसा ठेवलास (यिर्मया ३९:१५-१८). ह्यावरून कळते की, वेशीत इतक्या धीटपणे बोललेला हा मनुष्य मनातून भीत होता. आणि दुसरे असे की, देवाने चिंध्यांचा उल्लेखही केला नाही. त्याने त्या चिंध्यांमागचा भरवसा पाहिला होता.

जे बंधू हा पाठ प्रार्थनासभेत घेतील त्यांस एक सूचना. प्रथम यिर्मया ३८:१-१३ कोणाकडून तरी मोठ्याने वाचवून घ्यावे, आणि ऐकणाऱ्यांस विचारावे की, विहिरीतून जनावर काढताना ते काय काय करतात. आपले शेतकरी बांधव ह्यावर अर्धा तास सहज बोलतील, बोलू द्यावे. नंतर रूथ २:१५-१८ वाचावे. मग मंडळीत सध्या कोण अडचणीत आहे ह्याची चर्चा सभेत मुळीच करू नये. ती नावे पाळकाकडे एकेकट्याने येऊन सांगावीत. आणि ह्या पाठानंतर, कोणी कोणते भले केले ह्याच्या साक्षी मात्र मागू नयेत.